प्रगतिपुस्तकात ब-1, आणि वाचताना अडखळतोय : पालक-शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘शाळा आणि घर’ या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. पालकांच्या बहुतेक पत्रांत एकच गाऱ्हाणं आहे, की शाळेत गेलं की ‘घरी लक्ष द्या’ एवढंच ऐकायला मिळतं. शिक्षकांचं गाऱ्हाणंही तेच, की पालक लक्ष देत नाहीत. कशाकडे, किती वेळ आणि कधीपर्यंत लक्ष द्यायचं, हे मात्र दोन्हीकडचं कुणी सांगत नाही. उत्तरं देताना आम्ही तेवढंच सांगायचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीला आहे. प्रगतिपुस्तकात भाषेला ब-1 मिळाला. पण घरी धडा वाचायला बसवला की प्रत्येक ओळीत अडखळतो. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘हुशार आहे, सराव कमी पडतो.’ नेमकं काय विचारू? (पालक, इचलकरंजी)

आधी ब-1चं कोडं सोडवू. अ-1, अ-2, ब-1 अशा श्रेणी येतात त्या मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकला, म्हणजे सत्रभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाला, 60 टक्के आणि संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, 40 टक्के भार असतो. आकारिकची साधनं आठ : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. चुणचुणीत मूल तोंडी कामात बोलतं, उपक्रमात पुढे असतं, फळ्यावरचं बघून वही सुबक लिहितं. ब-1 म्हणजे 71 ते 80 टक्के. वाचन कच्चं असूनही तिथपर्यंत पोचता येतं, त्यामुळे बाई खोटं बोलत नाहीत आणि तुमचाही समज चुकीचा नाही. प्रगतिपुस्तकात श्रेणीच्या शेजारी वर्णनात्मक नोंदी असतात, त्या वाचा. तिथे ‘समजपूर्वक वाचन करतो’ असं लिहिलं असेल, तर बोलणं तिथूनच सुरू करा.

मात्र शाळेत जाण्याआधी घरी दहा मिनिटं घालवा. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक घ्या (घरी नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते). पहिले दोन-तीन धडे मुलांना पाठ असतात आणि चित्र बघून ती ओळ म्हणतात. म्हणून पुस्तकाच्या मधला उतारा निवडा, चित्रावर हात ठेवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये टोकू नका. जो शब्द चुकला तो जसा वाचला तसाच कागदावर लिहा. दोन रकाने पुरेत, एकात छापलेला शब्द आणि दुसऱ्यात त्याने वाचलेला.

हा कागद बरंच सांगतो. ‘पुस्तक’चं ‘पुसतक’ आणि ‘रस्ता’चं ‘रसता’ होत असेल तर अडचण जोडाक्षरांची आहे. ‘गर्दी’ची ‘गदी’ झाली तर रफार नजरेतून सुटतोय. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल होत असेल तर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची ओळख पक्की नाही. ‘शाळेतून’ला ‘शाळेत’ आणि ‘आईसाठी’ला ‘आईला’ होत असेल, तर मूल शब्दाची सुरुवात पाहून शेवट अंदाजाने ठोकून देतंय. हा चौथा प्रकार सर्वांत फसवा, कारण वाचन कानाला अस्खलित वाटतं. सगळं बरोबर वाचून शेवटी ‘गोष्टीत काय झालं?’ असं विचारल्यावर मूल गप्प बसलं, तर तो प्रश्न पूर्ण वेगळा.

आता बाईंकडे जा, कागद पुढे ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. वर्गातही हेच शब्द अडतात का? वर्गात यासाठी काय घेणार आहात? मी घरी नेमकं काय घेऊ? ‘सराव कमी पडतो’ याच्या पुढे जायला हा कागद भाग पाडतो. बाईंचंही काम हलकं होतं, कारण चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं एकेक पान ऐकायला सवड मिळतेच असं नाही.

घरी रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. पाच-सहा ओळींचा उतारा घ्यायचा. एकदा तुम्ही बोट फिरवत वाचा, दुसऱ्यांदा दोघांनी मिळून, तिसऱ्यांदा त्याने एकट्याने. अडला तर मनात पाच आकडे मोजा. तरी जमलं नाही तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला. शेवटी त्याच आठवड्यातले अडलेले तीन शब्द, तीनच, वहीत वाक्यात लिहून घ्या. जोडाक्षर अडत असेल तर ‘स्त’ असलेले शब्द एकत्र घ्या, जसे पुस्तक, रस्ता, वस्तू, दोस्त. पुढच्या आठवड्यात ‘ष्ट’ किंवा ‘क्क’. सहाव्या आठवड्यानंतर पहिल्यासारखाच नवा कागद करून बाईंना दाखवा.

बिघडतं कुठे, तर बरेच पालक घाबरून बाराखडीपासून सुरुवात करतात. तिसरीतल्या मुलाला तो अपमान वाटतो आणि चौथ्या दिवशी पोट दुखायला लागतं. जे अडलंय तेवढंच घ्या.

निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या लक्ष्यात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. पण घड्याळ लावून हा आकडा गाठायला जाऊ नका. ‘शेजारच्यांच्याकडूनसुद्धा’ हा मराठीत एकच शब्द मोजला जातो. मूल काय वाचतंय आणि त्याला काय कळतंय, यावर भर द्या.

प्रश्न : वजाबाकी मी एका पद्धतीने शिकवतो, शाळेत दुसरीच पद्धत आहे. मुलगी म्हणते, ‘बाबा, तुमचं चूक.’ माझं उत्तर तर बरोबर येतं! (पालक, नाशिक)

तुमचं उत्तर बरोबर आहे आणि मुलीचंही. गोंधळ दोन्ही एकत्र केल्यावर होतो. 52 वजा 27 घ्या. तुमच्या पिढीतले अनेक जण असं म्हणतात : ‘दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन आणि एक तीन. पाचातून तीन गेले दोन.’ उत्तर 25. इथे हातचा खालच्या अंकात मिळवला. आताच्या वर्गात पाच दशकांतला एक दशक सुटा करतात, वरच्या 5चे 4 होतात, सुटे बारा होतात. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. उत्तर तेच.

आता मुलगी वर्गात वरचा 5 खोडून 4 लिहायला शिकते आणि घरी ‘हातचा एक खाली’ ऐकते. दोन्ही एकाच गणितात केलं की चारातून तीन गेले एक, आणि उत्तर येतं 15. वहीत 52 − 27 = 15 अशा जातीच्या चुका दिसल्या, म्हणजे उत्तर बरोब्बर दहाने कमी येत असेल, तर मूल ‘धांदरट’ नाही, दोन पद्धतींच्या कात्रीत सापडलंय.

निदान दोन-तीन महिने घरी शाळेचीच पद्धत ठेवा. ती येत नसेल तर मुलीलाच म्हणा, ‘मला शिकव.’ दहा-दहाच्या आगपेटीच्या काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या घ्या. पाच जुड्या, दोन सुट्या. सत्तावीस काढायच्या तर एक जुडी सोडावीच लागते, ते डोळ्यांना दिसतं. पद्धत पक्की झाली की मग हवं तर तुमची दाखवा, तपासून पाहायला उपयोगी पडते.

शिक्षकांनीही सत्राच्या सुरुवातीच्या पालकसभेत हे एक गणित फळ्यावर दोन्ही पद्धतींनी करून दाखवावं. पाच मिनिटांचं काम आहे. संख्यानामांचंही तसंच. ‘पंचवीस’ कानाला आधी पाच ऐकू येतं, म्हणून मूल 52 लिहितं. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ अशी वाचनाची जोड आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्यामागचं कारण हेच होतं. पालकांना ते आधी नीट सांगितलं असतं तर निम्मा वाद झाला नसता.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्गशिक्षक. पट 41. पालकसभेला आठ-नऊ पालक येतात, तेही ज्यांची मुलं हुशार आहेत असे. बाकीच्यांना आणायचं कसं? (शिक्षक, जि. सोलापूर)

बाकीचे का येत नाहीत, ते तुमच्या सभेच्या रचनेत शोधा. सकाळी अकराची वेळ म्हणजे मजुरी करणाऱ्याचा दिवसाचा रोज बुडतो. सभेत सर्वांसमोर गुण वाचून दाखवले जातात. ज्याचं मूल मागे आहे तो एकदा येतो, मान खाली घालून बसतो, पुन्हा येत नाही. त्यातच शेवटी रंगकामाची वर्गणी निघाली, तर पुढच्या वेळी निमंत्रणाची चिठ्ठी पोचलीच नाही असं उत्तर येतं. वर्गणीचा विषय प्रगतीच्या भेटीत कधीच काढू नका.

एकत्र सभा वर्षातून दोनदा ठेवा, माहिती सांगण्यापुरती. मुलाबद्दलचं बोलणं एकेकट्याशी. हिशोब असा : 41 मुलं, प्रत्येकी 7 मिनिटं, म्हणजे 287 मिनिटं. पावणेपाच तास एका दिवशी शक्य नाही. चार दिवसांत वाटा, रोज दहा-अकरा पालक, सव्वा तास. आठवडे बाजाराचा दिवस एक धरा, त्या दिवशी वस्तीवरचे पालक गावात येतातच. निमंत्रणावर ‘सर्व पालकांनी उपस्थित राहावे’ असं लिहू नका. ‘गुरुवारी संध्याकाळी 5.20 ते 5.27, तुमच्यासाठी वेळ राखून ठेवली आहे’ असं लिहा आणि कधी जमेल ते आदल्या दिवशी विचारा. राखून ठेवलेली वेळ चुकवायला माणसाला जड जातं.

सात मिनिटं अशी वापरा. पालक आला की मुलाची वही उघडा, आणि त्याला जमलेली एक खरी गोष्ट दाखवा. ‘छान आहे’ असं मोघम नको, ‘हा परिच्छेद त्याने स्वतःच्या मनाने लिहिलाय’ असं दाखवा. मग विचारा, ‘घरी तो काय करतो? कशात रमतो? झोपतो किती वाजता?’ आणि गप्प बसा. शाळेला न दिसणारी माहिती इथेच मिळते. कुणी पहाटे गोठा काढून येतो, कुणाच्या घरी संध्याकाळी सात ते नऊ वीज नसते. शेवटची तीन मिनिटं एकाच गोष्टीवर एकमत करायला. एकच. ‘पाढे 6 ते 9, रोज झोपण्यापूर्वी उलटसुलट विचारायचे, पुढच्या 15 तारखेपर्यंत.’ ते चिठ्ठीवर लिहून एक प्रत पालकाला द्या, एक तुमच्या नोंदवहीत चिकटवा. 15 तारखेला तुम्हीच आठवण करा. ही आठवण चुकली तर पुढच्या खेपेला चिठ्ठीला किंमत राहणार नाही.

आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना सही करायला लावण्याआधी त्या ओळीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती याबद्दल पालकांना नियमित सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून घातलेलं आहे, त्यामुळे या वेळेसाठी मुख्याध्यापकांकडे हक्काने सवलत मागा.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शिपाई घरी वही घेऊन येतो, मी सही करते. आमचं काम एवढंच का? (पालक सदस्य, जि. रत्नागिरी)

बिलकूल नाही, आणि न वाचता सही करणं आधी थांबवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या स्त्रिया. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, मुदत दोन वर्षं, आणि बैठक महिन्यातून निदान एकदा. (खासगी विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही. तिथे शुल्क नियमन कायद्याखालचा पालक-शिक्षक संघ असतो.) समितीची कामं तीन : शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि आलेल्या अनुदानाचा खर्च पाहणं.

सुरुवात छोटी करा. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका चार दिवस आधी लेखी मागा. बैठकीत मागील इतिवृत्त मोठ्याने वाचायला सांगा. जे ठरलं त्यापुढे कुणी करायचं आणि कधीपर्यंत, हे दोन रकाने वाढवून घ्या. या एका बदलाने निम्म्या समित्या जाग्या होतात.

मग आकडे. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. 31 ते 100 पट असेल तर वर्षाला 25,000 रुपये आणि 101 ते 250 असेल तर 50,000 रुपये, असे टप्पे आहेत. त्यातला किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचा असतो. मंजूर किती, बँकेत जमा किती आणि कधी, हे पासबुकावर बघा. हे तीन आकडे बऱ्याचदा जुळत नाहीत आणि दोष दर वेळी मुख्याध्यापकांचा असतोच असं नाही. पैसे मार्चमध्ये आले तर ते तरी काय करणार! पोषण आहाराचंही गणित सोपं आहे. पहिली ते पाचवीला दर मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. आज प्राथमिकला 84 मुलं हजर असतील तर 8 किलो 400 ग्रॅम तांदूळ निघायला हवा. साठा नोंदवहीशी ताडून बघा. चवीची नोंद असतेच, ती स्वतः जेवून करा.

एक सावधगिरी. देखरेख म्हणजे वर्गात मागे बसून शिक्षकांच्या चुका काढणं नव्हे. त्याने दारं बंद होतात. दर महिन्याच्या विषयपत्रिकेत शिकण्याबद्दलचा एक विषय ठेवा : ‘तिसरीतली किती मुलं परिच्छेद वाचतात, किती अजून सुट्या शब्दांवरच अडली आहेत?’ मुख्याध्यापकांना हा आकडा सांगावा लागला की शाळेत तो मोजला जायला लागतो.

प्रश्न : आमच्या गावातून दिवाळीआधी निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततात. पालकांचं सहकार्य मागायचं कुणाकडे, पालकच इथे नाहीत! (शिक्षिका, जि. बीड)

सहकार्य मागायची वेळ ऑक्टोबरात संपलेली असते. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतली जाते. कोण जाणार हे ऑगस्टमध्ये गावात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून ऑगस्टमध्ये यादी करा : कुटुंब, कोणत्या भागातल्या कारखान्याला, मुलं कोणकोणत्या इयत्तेत, मागे कोण राहणार. शेवटचा रकाना महत्त्वाचा. घरी आजी किंवा चुलती राहणार असेल तर मूल इथे राहू शकतं, आणि हंगामी वसतिगृहाची सोय त्यासाठीच आहे. त्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेळेत गेला पाहिजे. गाड्या भरून गेल्यावर आलेल्या मंजुरीचा उपयोग नाही.

आई-वडिलांशी बोलताना ‘मुलाचं नुकसान होतं’ हे वाक्य टाळा, त्यांना ते तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यांची खरी भीती विचारा. मोठ्या मुलीला नेतात ते धाकटं बाळ सांभाळायला, आणि तिला मागे ठेवायची धास्ती वाटते म्हणूनही. बाळाचं आणि तिच्या सुरक्षिततेचं काय करणार, याचं उत्तर तुमच्याकडे असलं तरच पुढचं बोलणं होतं. रात्री मुली कुणाच्या घरी झोपणार, हे आईसमोर नाव घेऊन ठरवा.

मागे राहिलेली आजी निरक्षर असली तरी तिच्याकडून खूप काही होतं. मुलाला रोज मोठ्याने वाचायला बसवायचं आणि शेवटी ‘काय झालं गोष्टीत?’ असं विचारायचं. वाचलेल्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवायचं आणि थोड्या वेळाने तोच शब्द दुसरीकडे शोधायला सांगायचा. पाठ केलेलं असेल तर लगेच उघड होतं. आई-वडिलांचा फोन रविवारी संध्याकाळी ठरवून घ्या, आणि त्या फोनवर मुलाने पाच ओळी वाचून दाखवायच्या.

जी मुलं जाणारच, त्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्या आणि ते कशासाठी आहे हे पालकांना तोंडी समजावा : हे दाखवलं की तिथल्या जवळच्या शाळेत बसवून घेतात. पत्रकावर मूल कोणत्या पातळीवर आहे ते एका ओळीत लिहा, ‘चौथी, परिच्छेद वाचतो, हातच्याची वजाबाकी येत नाही.’ पलीकडच्या शिक्षकाला एवढं पुरतं. तिथल्या शाळेचं नाव आणि फोन मिळवून एकदा बोलून घ्या. परतल्यावर पहिले दोन दिवस धडा शिकवू नका, पातळी तपासा आणि तिथून पुढे न्या.

प्रश्न : मुलगा पाचवीत. बाई म्हणाल्या, ‘याची तपासणी करून घ्या, अध्ययन अक्षमता वाटते.’ आम्हाला धक्काच बसला. आमचा मुलगा बोलण्यात एकदम तल्लख आहे. (पालक, ठाणे)

बोलण्यात तल्लख आणि लेखन-वाचनात खूप मागे, ही तफावतच बाईंना दिसली असेल. अध्ययन अक्षमतेत बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून वरची असू शकते. बाईंनी निदान केलेलं नाही आणि त्यांनी करूही नये, फक्त खूण सांगितली आहे.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा डोळे आणि कान तपासा. चष्म्याचा नंबर असलेलं मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवतं आणि त्याच्यावर नसता शिक्का बसतो. दुसरं, बाईंकडून लेखी निरीक्षणं घ्या : कोणत्या चुका, किती दिवसांपासून, कोणत्या विषयात. दोन वह्या सोबत न्या, एक या वर्षीची, एक मागच्या. खाडाखोडीची न्या, नीटनेटकी करून लिहिलेली नको. तिसरं, घरची भाषा वेगळी आहे का, मधे शाळा बदलली का, मोठं आजारपण झालं का, हे स्वतः लिहून न्या. या कारणांनी मागे पडलेलं मूल वेगळं आणि अध्ययन अक्षमता वेगळी. औपचारिक चाचणी साधारण तिसरी किंवा आठ वर्षांनंतर करतात, त्यामुळे तुमची वेळ योग्य आहे. प्रमाणपत्र सरकारी किंवा महापालिका रुग्णालयातूनच घ्या. खासगी समुपदेशकाचा अहवाल मदतीला असतो, पण परीक्षेतल्या सवलतीसाठी तो चालेलच असं नाही. रुग्णालयात नंबर लागायला महिने जातात, म्हणून नाव आजच नोंदवा.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ज्या 21 प्रकारांना मान्यता दिली, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण दहावीची वाट पाहू नका. वर्गात आत्ता काय करता येईल ते ठरवा : पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, लेखी उत्तराच्या जोडीला तोंडी उत्तर, शुद्धलेखनाचे गुण न कापणं. यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. आणि मुलाला सांगा. काहीतरी वेगळं चाललंय हे त्याला कधीच कळलेलं असतं, आपण ‘ढ’ आहोत असा अर्थ तो लावत असतो.

प्रश्न : दुसरीतल्या मुलीला रोज दीड तास गृहपाठ आणि महिन्याला एक ‘प्रोजेक्ट’. तो अर्थात मीच करते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरापर्यंत चौकशा चालू असतात. (पालक, पुणे)

केंद्राच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत. 20 किलोच्या मुलीला दोन किलो, डबा-बाटली धरून बघा. हे शाळेला लेखी आणि चार-पाच पालकांनी मिळून सांगा, एकट्याचं पत्र ‘तक्रारखोर पालक’ म्हणून बाजूला पडतं. तोवर घरी वीस मिनिटांनी थांबा आणि वहीत लिहा : ‘20 मिनिटं केलं, इतकं झालं.’ गृहपाठ तुम्ही पूर्ण करून दिलात तर तो मुलीला झेपत नाही, ही माहिती बाईंपर्यंत पोचतच नाही.

प्रोजेक्टचंही तेच. दुसरीतल्या मुलीने केलेला वाकडातिकडा मोर शाळेत जाऊ द्या. ग्रुपवर फक्त सूचना, त्याही शिक्षकांच्याच, संध्याकाळी सातनंतर नाही. कुठल्याही मुलाचं नाव, गुण किंवा वहीचा फोटो तिथे टाकायचा नाही. मुलीने गृहपाठ लिहून आणला नाही तर ग्रुपवर विचारू नका, दुसऱ्या दिवशी तिलाच बाईंना विचारू द्या.